आवाज माझा, हात तिचे

३ मार्च

धाकटे,

तुझी मुलगी माझ्याकडे आहे. जेवली आहे, अंगावर ओरखडासुद्धा नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिलं, म्हणजे पुढचं तू छाती न बडवता वाचशील.

माझं अक्षर बघून तुला हसू येईल. येऊ दे. चौथीनंतर मी पेन धरलं ते लाँड्रीतल्या कपड्यांवर खुणा घालायला. फोन केला असता, पण माझा फोन सध्या माणसात राहिलेला नाही. सकाळपासून वाजतो. उचलला की कोणीतरी पोरगा घाणेरडं बोलतो, हसतो आणि ठेवतो. त्यातलं एकही वाक्य इथे लिहिणार नाही. कागदाला लाज वाटेल.

तुला वाटतंय, तू फोन काढून घेणार म्हणाल्यामुळे ती पळाली. तसं नाही. ती माझ्यासाठी आली. मला वाचवायला आली, आहेस कुठे!

ती जो खेळ खेळते तो आता मी पाहिला. बर्फातलं ओसाड गाव असतं. पन्नासेक माणसं त्यात सोडतात, प्रत्येकाने दुसऱ्याला टिपायचं, शेवटी एक उरतो. आपल्या आईच्या माहेरी सगळे जमायचे तसंच, फक्त इथे बंदुका दिसतात. खेळता खेळता एकमेकांशी बोलता येतं. तुझी मुलगी त्यात पटाईत आहे, पण बोलत नाही. मुलीचा आवाज ऐकला की निम्मे पोरगे बंदूक सोडून तोंड चालवतात, म्हणाली. एकदाच चुकून बोलली, तेवढं एकाने ऐकलं. स्वतःला काळा वाघ म्हणवतो. फोटो पाठव म्हणाला. हिने नाही म्हटलं. पुढच्याच डावात हिने त्याला टिपला, आणि वाघाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेव्हापासून तो आणि त्याचं टोळकं हिच्या मागे आहे. ते खेळातच राहिले असते तर गेले चुलीत, पण खेळ चालवणाऱ्या कंपनीकडून खेळणाऱ्यांची माहिती बाहेर फुटली. चोरीला गेली की कोणी विकली, कंपनी सांगत नाही. टोपणनाव टाकलं की खरं नाव, नंबर, पत्ता सगळं समोर. वाघाने तुझ्या मुलीचं टोपणनाव टाकलं, आणि निघालं कोण? मी.

कारण खेळाने सुरुवातीला घरातल्या मोठ्या माणसाचा नंबर मागितला होता. तुझा दिला असता तर तू फोन बादलीत बुडवला असतास. तिने माझा दिला. माझ्या फोनवर काही आकडे आले, ते तिने विचारले, मी सांगितले. हो, आम्ही दोघी बोलत होतो. अबोला तू धरलास, तिने नाही. अबोला काही वारशाने जात नाही. पत्ता माझ्या लाँड्रीचा, कारण जिंकल्याबद्दल टोपी येणार होती आणि ती तुझ्या दारात येऊन चालली नसती. ती टोपी मी घालते. वाफेत बरी पडते. आणि नाव तर एकच. तूच हौसेने माझं नाव तिला ठेवलंस. मग आपलं वाजलं आणि घरात तिला चिमणी म्हणायला लागलीस, पण कागदावर काय करशील? कागदावर ती मीच आहे.

माझा नंबर त्यांच्या टोळक्यात फिरताना तिने पाहिला आणि दप्तर घेऊन थेट माझ्याकडे आली. रडत होती. माझ्यामुळे तुला त्रास, माझ्यामुळे तुला त्रास. मी म्हटलं, वड्याचं तेल वांग्यावर निघालंय आणि वांगं जाड सालीचं आहे, तू डोळे पूस.

आता नीट ऐक. त्यांना वाटतंय मी म्हणजे ती. मी चुकीचा नंबर आहे म्हटलं तर ते बरोबर नंबर शोधायला लागतील. म्हणून मी म्हणत नाही. जोवर ते माझ्या दारावर डोकं आपटताहेत तोवर त्यांना तुझं दार आणि तिची शाळा सापडणार नाही. त्यांच्याकडे लाँड्रीचा पत्ता आहे, माझ्या खोलीचा नाही. तिला मी लाँड्रीकडे फिरकू देणार नाही. शाळेत सोडेन मी, आणेन मी.

तू ओरडत येऊ नकोस. कोणाला सांगूही नकोस.

तुझी ताई


९ मार्च

धाकटे,

तुझा नवरा आला होता. तू पाठवलंस म्हणून आला, तू सांगितलंस तेवढं बोलला. आणखी काही म्हणाली का ती, असं विचारलं तर म्हणाला, एवढंच सांगायला सांगितलंय. आणि ह्याच माणसाला मी त्याच्या साहेबासमोर सांगकाम्या म्हटलं म्हणून तू इतकी वर्षं माझं तोंड बघितलं नाहीस. माणूस वाईट नाही. मुलीचे कपडे घेऊन आला होता, घड्या नीट होत्या. घड्या तुझ्या नाहीत, मला कळतं. त्याच्याच असणार.

निरोप पोचला. मुलगी ताबडतोब घरी आणि खेळ कायमचा बंद. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आठवतं का, नळावर पोरं शिट्ट्या मारायची म्हणून आईने मला नळावर जायचं बंद केलं. मग पाणी तू भरायला लागलीस. मग तुला शिट्ट्या मारल्या. पोरं तिथेच होती, घागर तेवढी बदलली.

तिला खेळायचंय. मी विचारलं तिला, एवढं सगळं होऊनही? म्हणाली, मावशी, मला एवढी एकच गोष्ट चांगली येते. वर मान करून म्हणाली. तुझी मुलगी मान वर करून बोलल्याचं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

माझी काळजी करत असशील तर नको. करत नसशीलच, तरी सांगते. फोन येतात त्याची मला आता सवय झाली. पहिल्या दिवशी वाघाने माझा आवाज ऐकला आणि खदाखदा हसला. म्हणाला, आवाज बदलायचं मशीन लावलंस काय, म्हातारीचा आवाज काढतेस, आम्ही काय खुळे आहोत? मी म्हटलं, मेल्या, हा माझाच आवाज आहे, तुझ्या आईच्या वयाची आहे मी. तर आणखी हसला. बाकीच्यांना ऐकवलं. बघा, काय ॲक्टिंग करते. मी एक शब्द खोटं बोलले नाही, आणि सगळ्यांना सगळं खोटं वाटलं. असं सुख आयुष्यात पहिल्यांदा मिळालं. आता मी मनाला येईल ते बोलते. एकाला विचारलं, तू जेवलास का, आवाज खोल गेलाय. तो गोंधळून जेवलो म्हणाला आणि फोन ठेवला. परत केला नाही त्याने.

परवा माझ्या नावाने चार टॅक्स्या एकदम बोलावल्या. चारही चालक लाँड्रीसमोर भोंगे वाजवत उभे. तिघे शिव्या घालून गेले, त्यांचंही बरोबर होतं. चौथ्याचा कोट मी उभ्या उभ्या इस्त्री करून दिला. आता तो गिऱ्हाईक आहे.

पोलिसात गेले. तिथे एक बाई होती, शहाणी. सगळं लिहून घेतलं, कोणते नंबर, काय बोलले. नंबर बंद करू नका म्हणाली, बोलू द्या त्यांना, आम्हाला उपयोग होतो. मी म्हटलं, बोलायचं माझ्यावर सोडा. कंपनीलाही मुलीने लिहिलं. उत्तर आलं की तुमच्या माहितीची सुरक्षितता आम्हाला फार महत्त्वाची आहे. घर जळाल्यावर पाण्याची महती सांगायची ही रीत मला कळत नाही. आमच्याकडे शर्ट येतो तेव्हा कॉलरच्या आत एक खूण घालतो, ती मला आणि धुणाऱ्याला कळते, बस. शर्ट चुकून दुसऱ्याच्या घरी गेला तरी कोणाचा ते शर्ट सांगत नाही. ह्यांना एका पोरीला बर्फात पळू द्यायला तिची जन्मतारीख कशाला हवी?

आता तुझं काम. एकच आहे.

तुझ्या फोनवरच्या त्या पानावर मुलीचा फोटो आहे. शाळेचा गणवेश, हातात ढाल, मागे शाळेचं नाव असलेली पाटी, आणि खाली तिचं कागदावरचं नाव तू टाकलंयस. म्हणजे माझं नाव. ते टोळकं कधीतरी नाव शोधणार आणि पहिला तो फोटो निघणार. तो काढ. तुला तिचा अभिमान आहे ते मला कळतं. फोटो घरात भिंतीला लाव. पण तिथून काढ.

ताई


१४ मार्च

धाकटे,

हे टपालात टाकत नाही. तुझा नवरा खाली उभा आहे, त्याच्या खिशात घालते. तो रस्त्यात उघडून वाचणार नाही, तेवढा एक गुण आहे.

फोटो अजून आहे. मुलीने रोज बघितलं, रोज आहे. माझ्यावरचा राग तू तुझ्या मुलीच्या अंगावर काढते आहेस हे तुला कळतंय का? मी सांगितलं म्हणून नको करू. माझं नाव विसर. एखाद्या रस्त्यावरच्या बाईने सांगितलं असं समज आणि काढ.

आज दुपारी वाघाचा फोन आला. हसला नाही. हसत नव्हता तेच वाईट होतं. म्हणाला, तुझ्या नावाची एक शाळेतली पोरगी सापडली. गणवेश दिसतो, शाळा दिसते. ती खरी ना? तू कोण गं?

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. एका गिऱ्हाइकाची पांढरी पँट जळली. भरून देईन.

मी म्हटलं, ती माझी भाची. माझं नाव ठेवलंय तिला. खेळते मी.

तो म्हणाला, मग त्या दिवशी पोरीचा आवाज होता तो?

मी म्हटलं, तेच तर मशीन होतं. माझ्या ह्या आवाजात बोलले असते तर तुम्ही मला खेळू दिलं असतं का? काकू काकू करून हाकललं असतं.

तो म्हणाला, उद्या खेळून दाखव. माझ्याविरुद्ध, सगळ्यांसमोर, बोलत बोलत. नाहीतर परवा आम्ही शाळेच्या फाटकात.

मी म्हटलं, उद्या चारनंतर. आधी हॉटेलच्या चादरी द्यायच्या आहेत.

पोलिसातल्या बाईला लगेच जाऊन सांगितलं. परवा सकाळी शाळेबाहेर आमचा माणूस असेल म्हणाली. पण तेवढ्याने भागत नाही. परवा फाटकात माणूस उभा राहील, पुढच्या महिन्यात कोण राहणार? त्यांना खात्री पटायला हवी की ती पोरगी कोणीच नाही. आणि तो फोटो आणखी कोणी बघायच्या आत जायला हवा.

मुलीला सगळं सांगितलं. मग म्हणाली, मावशी, तुला बंदूक कुठल्या हातात धरतात ते तरी माहीत आहे का? मी म्हटलं, बंदूक तू धर. तोंड मी चालवते. तोंडात मी पटाईत आहे.

काढ तो फोटो.


१६ मार्च

धाकटे,

खेळलो.

आधी हे सांगते, कारण तू विचारशील. मला गोळी लागली नाही.

माझ्या खोलीत, खाटेवर बसलो. खिडकी लावली, शेजारणीचं बाळ रडतं म्हणून. एकच फोन. तो तिच्या हातात, आणि बोलायची वायर माझ्या तोंडाशी. तिने आवाज म्हणून काढायचा नाही, खोकायचंसुद्धा नाही, असं ठरलं. काही सांगायचं असलं तर माझ्या गुडघ्याला गुडघा लावायचा. डावा गुडघा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे. दोन्ही म्हणजे पळ.

बघायला किती जण आले होते देव जाणे. सगळे कुजबुजत होते, काकू येणार, काकू येणार. मी म्हटलं, आले. चपला बाहेर काढून या सगळ्यांनी. कोणीतरी हसलं. मग सुरू झालं.

मला पहिल्यांदा काहीच दिसेना. नुसता बर्फ, आणि तिचे अंगठे. अंगठे असे चालत होते गं, मी आयुष्यभर हातांची कामं पाहिली आहेत, काजं करणारे पाहिले, रफू करणारे पाहिले, पण हे वेगळंच. एकही हालचाल फुकट नाही. मी बोलत होते. काय बोलत होते ते आता आठवत नाही. जे दिसेल ते. ह्या घराला दार नाही का, थंडीत मरशील. तो बघा, भिंतीआड बसलाय, बूट दिसतोय, धुतला नाहीस वाटतं. एक पोरगा मेला तेव्हा म्हणाला, काकू, सॉरी. का म्हणाला कोण जाणे. सवयीने म्हणाला असेल.

शेवटी ही आणि वाघ उरले. तो पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता. मला दिसत नव्हता. तिचा उजवा गुडघा लागला. मी म्हटलं, उजवीकडे आहेस ना रे, वर बसलायस, मांजरासारखा. तो हलला. हलला तेवढ्यात तिने टिपला.

आणि माझ्या तोंडून गेलं, "शाब्बास, पोरी!"

तुझी मुलगी माझ्याकडे बघत राहिली, डोळे एवढे मोठे.

वाघ म्हणाला, "पोरी कोणाला म्हणालीस?"

मी म्हटलं, "स्वतःला. मला दुसरं कोण म्हणणार?"

धाकटे, मग एकाने हळूच म्हटलं, खरंच काकू आहे रे. मग दुसरा. मग जे हसायला लागले ते थांबेचनात. पण मला नाही हसले. वाघाला हसले. इतके दिवस एका लाँड्रीवालीला धमक्या देत होता, काकूने टाकीवरून पाडला, फोटो काय मागतोस, जाऊन शर्ट धुऊन घे. तो शिवी देऊन निघून गेला. जाताना त्याचं नाव पडद्यावरून पुसलं गेलेलं तिने मला दाखवलं.

मी वायर काढली आणि फोन बंद केला. तेव्हा कुठे ती ओरडली. उशीत तोंड खुपसून ओरडली. मग मला म्हणाली, जिंकले मी आणि नाव तुझं झालं. मी म्हटलं, वाईट वाटतंय? तिने जरा विचार केला. म्हणाली, थोडंसं. पण उद्या शाळेत मला कोणी ओळखणार नाही, किती मस्त.

मग तिने तुझं पान उघडलं. रोजच्यासारखं. फोटो नव्हता. तिचा नाही, तुझा नाही, कोणाचाच नाही. तुझ्या तोंडाच्या जागी ते राखाडी भूत असतं ना, डोकं आणि खांदे, तेवढंच. आम्ही दोघी त्या भुताकडे खूप वेळ बघत बसलो. तुझा इतका चांगला फोटो मी आजवर पाहिला नाही.

ताई


२५ मार्च

धाकटे,

काल फोनवर जे बोलले ते तुला नव्हतं. कळलंच असेल तुला, तरी लिहून ठेवते.

तुझा नंबर माझ्या फोनमध्ये घातलेला नाही. अनोळखी नंबर दिसला, मला वाटलं टोळक्यातला कोणी उरलासुरला आहे. अलीकडे फारसे येत नाहीत, म्हणून साठलं होतं सगळं. उचलल्या उचलल्या सुरू केलं. तुझ्या आईने तुला जन्म दिला त्या दिवशी तिला दुसरं काम नव्हतं का, इथपर्यंत मी आले होते. ती आपलीच आई, हे मला काय माहीत. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तू म्हणालीस, "ताई, झालं? आता मुलीला दे."

ताई म्हणालीस.

मी फोन तिला दिला आणि खोलीबाहेर गेले. बाकीचं सांगते, मग तुमचं काय ठरलं त्याकडे येते.

पोलिसांनी त्या वाघाला शोधला. त्या बाईने मला बोलावून सांगितलं, कोण, कुठला, काय करतो. नाव मला कळलंय. लिहीत नाही. मुलीलाही सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. त्याच्यावर काय व्हायचं ते कायद्याने होईल. कंपनीने जुनं खातं पुसून टाकलं आणि तसं लिहून दिलं. ते लिहून घ्यायला मी चारदा तिथल्या माणसाशी बोलले. चौथ्यांदा तो मलाच मावशी म्हणायला लागला. खातं गेलं तसं तिने जिंकलेलं सगळंही गेलं. ती पुन्हा अगदी तळापासून खेळते आहे, दुसऱ्या नावाने. काय नाव ते मी विचारलं नाही. तिला विचारलं, एवढं कमावलेलं गेलं, जीव नाही का तुटत? म्हणाली, मावशी, कमावता येतं हे कुठे गेलं?

हे वाक्य माझं नाही. तिचं आहे. तुझ्या मुलीला अक्कल आहे, ती कोणाकडून आली ते आपण वाद घालून ठरवू. भेटलो की.

रविवारी मी तिला घेऊन येते. तिचे कपडे धुऊन ठेवले आहेत, त्यांच्या घड्या मी घातल्या आहेत, तुझ्या नवऱ्याला सांग की सरावासाठी बघ. फोन तिचा तिच्याकडे राहील. तू हो म्हणालीस असं ती म्हणते. मी खात्री करायला विचारत नाही, कारण ती खोटं बोलली तर तिचा चेहरा मला कळतो, आणि काल कळण्यासारखं काही नव्हतं.

आणखी काय सांगू. काल तुम्ही दोघी बोलत होतात तेव्हा मी जिन्यात उभी होते. दार लोटलेलं होतं. आतून ती आधी रडल्यासारखी वाटली, मग हसली, मग बराच वेळ नुसतं हं, हं. दाराला कान लावला असता तर सगळं ऐकू आलं असतं, आपल्या ह्या जुन्या खोलीचं दार कसं आहे तुला माहीत आहे. मी दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिले.

बाहेर आली तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. गरम झाला होता. काय बोललात ते तिने सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी ताई